बालविभागाची किल्ली

फेब्रुवारी सरत आला की आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या माडीवर पुठ्ठ्याची खोकी येऊन पडू लागतात. अनुदानाचा हप्ता नुकताच हाती आलेला असतो, मार्चअखेरीच्या आत तो खर्ची टाकावयाचा असतो, आणि ग्रंथनिवड समितीचे आम्ही पाचजण चहाचे कप बाजूला सारून त्या खोक्यांभोवती बसतो. मोठ्यांच्या पुस्तकांवर दीड-दोन तास वाद रंगतो. अमक्याचे आत्मचरित्र घ्यावे की नाही, तमक्याच्या कादंबरीचा दुसरा भाग आला आहे खरा पण पहिला कोणी वाचला होता, असे सगळे यथासांग होते. मग कोणीतरी घड्याळाकडे पाहते, आणि आमचे अध्यक्ष वकीलसाहेब म्हणतात, "आता बालविभाग तेवढा राहिला. सर, तो तुम्हीच उरकून टाका."

हे 'उरकून टाका' मी गेली वीस-एकवीस वर्षे ऐकत आलो आहे. मी मराठीचा शिक्षक होतो, तेव्हा मुलांचे मला कळते असा गावाचा समज. तो मीही बराच काळ दूर केला नाही. आणि खरे सांगायचे तर पहिली काही वर्षे मी ते काम उरकूनच टाकले. पुस्तक हातात घ्यावे, मुखपृष्ठ पाहावे, मलपृष्ठावर 'संस्कारक्षम' हा शब्द आहे ना याची खात्री करून घ्यावी, किंमत पाहावी आणि यादीवर खूण करावी. विक्रेत्यांकडून संच येतात: पंचवीस चरित्रांचा संच, चाळीस बोधकथांचा संच, दहा विज्ञानकथांचा संच. सुट्या पुस्तकापेक्षा संचावर सूट अधिक मिळते, आणि दाखल नोंदवहीत एका दमात चाळीस आकडे चढतात. तपासणीला येणारे अधिकारी आकडे मोजतात; मुलांनी पाने किती उलटली हे मोजण्याची सोय कोणत्याच तक्त्यात नाही. एका वर्षी मी बालविभागाची ७८ पुस्तके सव्वा तासात निवडली. त्यांतले एकही मी वाचलेले नव्हते.

हा कबुलीजबाब एवढ्यासाठी देतो की, आमच्यासारखी माणसे महाराष्ट्रात एक-दोन नाहीत. १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम झाला, आणि 'अ' पासून 'ड' पर्यंतच्या चार वर्गांत मिळून आज हजारो शासनमान्य ग्रंथालये राज्यात आहेत. त्यांतल्या दहातल्या एका ग्रंथालयाने एखाद्या पुस्तकाची एक प्रत घेतली, तरी हजार-अकराशे प्रतींची मराठी आवृत्ती संपून जाते. शाळांची गोष्ट आणखी वेगळी. समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून सरकारी शाळेच्या ग्रंथालयासाठी शाळेच्या पातळीप्रमाणे वर्षाला ५ हजारांपासून २० हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. रक्कम फार मोठी नव्हे, पण शाळांची संख्या ध्यानात घेतली म्हणजे मराठीतील बालवाङ्मयाचा खरा आश्रयदाता कोण हे कळते. मूल स्वतः पुस्तक विकत घेत नाही. खेड्यातील आईबापही क्वचितच घेतात. घेतो तो आम्ही, पाचजण, चहाच्या वेळी. आम्ही जे घेतो तेच पुढल्या वर्षी लिहिले जाते. लेखकाला आणि प्रकाशकाला आमची आवड चांगली ठाऊक असते.

आणि दुसरीकडे पाहावे, तर मुलांच्या पुस्तकांची समीक्षा म्हणून मराठीत जे छापून येते ते बहुधा परिचयाच्या पलीकडे जात नाही. 'बालदोस्तांना हे पुस्तक नक्कीच आवडेल' हे त्याचे ठरलेले शेवटचे वाक्य. मोठ्यांच्या कादंबरीवर आपण तीस-तीस पाने लिहितो, तिच्या घाटाची चिरफाड करतो. पण दहा वर्षांच्या मुलासाठी लिहिलेल्या कादंबरीला घाट असतो, तिची भाषा खोटी असू शकते, तिच्यातली माणसे पुठ्ठ्याची असू शकतात, हे कोणी म्हणत नाही. अशा स्थितीत ग्रंथालयाची खरेदीयादी हीच या वाङ्मयाची एकुलती एक समीक्षा होऊन बसली आहे. ती न वाचता केली जाते, हे माझे दुखणे आहे.

याचे मूळ दूरवर जाते. मराठीत मुलांसाठी छापलेले वाङ्मय जन्माला आले तेच पंतोजीच्या मांडीवर. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसापनीतिकथा' आणि 'बाळमित्र' ही पुस्तके १८२८ सालची. दोन्ही भाषांतरित आणि दोन्ही मुलांच्या वर्तनाची काळजी वाहणारी. विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध' १८८१ मध्ये निघाले, त्याने तर नावातच बोध घेतला. या मंडळींचे ऋण मोठे आहे. त्यांनी गद्य सोपे केले, वाचणारे मूल निर्माण केले. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांनी मासिक काढले ते 'आनंद' या नावाने, तेव्हा पालट झाला असे वाटावे. पुढे विंदा करंदीकरांच्या 'राणीच्या बागे'ने १९६१ मध्ये कवितेपुरती तरी शाळेची भिंत पाडली. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेण्याने फुरसुंगीहून पुण्याला येऊन जी धमाल केली, तिच्यात बोध शोधणाऱ्याला रिकाम्या हाताने परतावे लागते. बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलेल्या 'किशोर'मध्ये चांगले लेखक आणि चांगले चित्रकार एका पानावर आले. एवढे सगळे होऊनही निवड करणाऱ्याच्या मनातला पंतोजी काही खाली उतरला नाही. तो छडी टाकून हातात शिक्का घेऊन बसला एवढेच.

माझ्या हातातही असा शिक्का होता. मिलिंद बोकील यांची 'शाळा' २००४ साली प्रसिद्ध झाली. आमच्याकडे ती दोन-तीन वर्षांनी आली. समितीत ती मी वाचली होती, आणि मला ती आवडली होती. आणीबाणीच्या काळातल्या एका लहान शहरातली नववीची मुले, बांधकाम अर्धवट राहिलेल्या इमारतीत जमून चाललेली त्यांची खलबते, वर्गातल्या मुलीभोवती घुटमळणारे एका मुलाचे मन, शिक्षक, मार, चेष्टा, शिव्या: शाळेत जन्म घालवलेल्या माझ्यासारख्याला यातले काही परके नव्हते. तरीही पुस्तक कोणत्या कपाटात ठेवायचे असा प्रश्न ग्रंथपालबाईंनी विचारला, तेव्हा मी तत्काळ म्हणालो, "मोठ्यांच्या. आणि विद्यार्थी-सभासदांना देऊ नका." नववीतल्या मुलांबद्दलची कादंबरी नववीतल्या मुलांना वर्ज्य! त्यावेळी यातली विसंगती मला दिसली नाही. वकीलसाहेबांनाही दिसली नाही, आणि ते तर विसंगतीवरच पोट भरतात.

पुढे एकदा संध्याकाळी देवघेवीच्या टेबलाशी मी बसलो असताना नववीतली एक मुलगी आली. आठवड्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईंची ती मुलगी, वर्गात हुशार म्हणून मला माहीत असलेली. तिने विचारले, "सर, 'शाळा' आहे का?" मी म्हणालो, "ती मोठ्यांची आहे बाळ. तुला अजून अवकाश आहे." आणि बत्तीस पानांचे एक चरित्र तिच्या हातात ठेवले. तिने ते नेले, चार दिवसांनी परत केले, आणि त्यानंतर तिच्या कार्डावर काही चढले नाही. मी समजलो, अभ्यास वाढला असेल.

काही वर्षांनी साठा पडताळणीच्या निमित्ताने जुन्या नोंदी चाळत असताना एका बाईंच्या कार्डावर माझी नजर खिळली. 'शाळा'. मग प्रकाश नारायण संतांचे 'वनवास', त्यामागून 'शारदा संगीत'. 'बनगरवाडी'. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर'. शांताबाई शेळक्यांची 'चौघीजणी'. राम पटवर्धनांनी भाषांतर केलेले 'पाडस'. दीड वर्षात तीसेक पुस्तके, आणि त्यांत एकही टाकाऊ नाही. एवढी चोखंदळ वाचक आमच्या गावात कोण, म्हणून मी ग्रंथपालबाईंना विचारले. त्या हसल्या. म्हणाल्या, "सर, त्या बाईंना सही करायला दोन मिनिटं लागतात. पोरगीच न्यायची. आईच्या नावानं अनामत भरली होती तिनं. मी तुम्हाला बोलले नाही."

ती यादी मी उतरवून घेतली. माझ्या वीस वर्षांच्या निवडीपेक्षा तिची दीड वर्षाची निवड सरस आहे, हे मला कोणी पटवून देण्याची गरज नव्हती. मला जास्त लागली ती दुसरी गोष्ट. तिने वाचलेल्या पुस्तकांपैकी एकही बालविभागात नव्हते. बारा-तेरा वर्षांच्या पुढे आणि अठराच्या आत जे वय आहे, त्या वयासाठी मराठीत लिहिलेले उत्तम वाङ्मय जवळजवळ सगळे मोठ्यांच्या कपाटात आहे, आणि त्या वयाच्या नावाने जे कपाट आहे त्यात आम्ही बत्तीस पानी चरित्रे कोंबून ठेवली आहेत. संतांचा लंपन घ्या. आजी-आजोबांकडे राहायला आलेला, सीमाभागातली कानडी वळणाची मराठी बोलणारा हा मुलगा. त्याच्या कथा कथासंग्रहांच्या रांगेत, अनुक्रमाने प्रौढ लेखकांच्या मध्ये. त्या कथांना प्रौढ वाचक हवा हे मी अमान्य करीत नाही. त्यातली हुरहूर चाळिशीनंतर अधिक कळते. परंतु तेरा वर्षांच्या मुलाला त्या वाचता येतात, आणि त्याला त्यांत हुरहुरीऐवजी लंपनच भेटतो, हे तितकेच खरे. पुस्तकाचे कपाट लेखकाच्या वयाने ठरावे की वाचकाच्या?

या वयाबद्दल आपल्या साहित्यसंस्थांचाही गोंधळ आहे. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो. त्याच्या नियमांत वाचकाचे वय ९ ते १६ असे धरले आहे. नऊ वर्षांचे मूल दात पडल्याची गोष्ट सांगत असते. सोळा वर्षांच्या मुलाला दाढी फुटलेली असते. राज्य शासनाचे पुरस्कार कादंबरी, कथा, कविता, नाटक असे वाङ्मयप्रकाराने विभागलेले आहेत. त्यांतही वयाचा विचार नाही. पुरस्कार मिळाला की पुस्तक आपोआप यादीत येते, आणि यादीत आले की कोणत्याही वयाच्या कपाटात जाते. पुरस्कारप्राप्त पुस्तके वाईट असतात असे मला सुचवायचे नाही. २०१७ चा पुरस्कार मिळालेली ल. म. कडू यांची 'खारीच्या वाटा' ही धरणापायी गाव सोडावे लागलेल्या मुलाची कहाणी मी दोनदा वाचली. दुःखाला रडके न करता ते मुलाच्या नजरेच्या उंचीवर ठेवणे सोपे नाही, आणि तेथे ते साधले आहे. माझ्या दृष्टीने ते पुस्तक बारा वर्षांपुढच्या वाचकाचे. आमच्याकडे मात्र ते 'पाचवी ते सातवी' या कप्प्यात होते आणि त्याला धूळ होती.

निवड करणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते याचे एक परदेशी उदाहरण मला नेहमी आठवते. ॲन कॅरोल मूर ही बाई १९०६ ते १९४१ पर्यंत न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाची प्रमुख होती. मुलांना ग्रंथालयात पाऊल टाकू देत नसत अशा काळात तिने त्यांच्यासाठी दालने उघडली, त्यांच्या उंचीची टेबले ठेवली, गोष्टी सांगण्याची प्रथा पाडली. अमेरिकेतील बालवाङ्मयाला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत तिचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागते. पण निवृत्तीनंतरही तिच्या नापसंतीचा दरारा इतका होता की, मार्गारेट वाइज ब्राऊन यांचे 'गुडनाइट मून' हे झोपेच्या वेळचे चित्रपुस्तक १९४७ मध्ये निघाले, ते त्या ग्रंथालयाने १९७२ पर्यंत घेतले नाही. परीकथेची भक्त असलेल्या बाईला निजायच्या खोलीतले कंगवा-फणी असले साधे जग मुलांच्या पुस्तकात मानवेना. पंचवीस वर्षे! तेवढ्यात एका पिढीचे बालपण येऊन जाते. २०२० साली त्या ग्रंथालयाने १२५ वर्षांत सर्वाधिक वेळा नेलेल्या पुस्तकांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक आला 'द स्नोई डे' या १९६२ च्या चित्रपुस्तकाचा. ४ लाख ८५ हजार ५८३ वेळा ते घरी गेले. बर्फात खेळणाऱ्या एका काळ्या मुलाची ती साधी गोष्ट. 'गुडनाइट मून' पहिल्या दहांत नव्हते. पंचवीस वर्षे दाराबाहेर उभे राहिल्याने मागे पडले, असे खुद्द ग्रंथालयानेच नमूद केले.

मूरबाईंनी निदान वाचून नाकारले. तिच्या आवडीला एक तत्त्व होते; त्याच्याशी भांडता येते. न वाचता स्वीकारणाऱ्याशी कसे भांडावे?

त्या कार्डाच्या प्रसंगानंतर मी एक नियम स्वतःला घालून घेतला: बालविभागासाठी जे घ्यायचे ते पूर्ण वाचून घ्यायचे, आणि लहान मुलांचे असेल तर मोठ्याने वाचायचे. मोठ्याने वाचल्याने फार लवकर निकाल लागतो. खोट्या भाषेवर जीभ अडखळते. 'सूर्यनारायण आपल्या सुवर्णकिरणांनी धरित्रीला न्हाऊ घालीत होता' असले वाक्य सहा वर्षांच्या मुलापुढे वाचून पाहा. ते मूल तुमच्या तोंडाकडे पाहते, पुस्तकाकडे नाही. याउलट माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' घ्यावे. घरातली माणसे, त्यांच्या सवयी, त्यांच्या खोड्या. घडत काही नाही म्हणावे तर मुले हसत असतात. 'हात मोडला' हे नाव पाहून आमच्यातील एक सदस्य म्हणाले होते, "यातून मुलांनी काय घ्यायचं?" हात मोडला तर काय काय होते हेच घ्यायचे, असे उत्तर मला तेव्हा सुचले नाही. या लेखिका आपली चित्रे आपणच काढतात, त्यामुळे शब्द आणि चित्र एकमेकांना पुरे पडतात. शब्दांनी सांगितलेलेच चित्र पुन्हा सांगत बसत नाही. २०१४ चा अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो एकूण कामगिरीसाठी. त्यांच्या 'वाचू आनंदे'च्या भागांत मोठ्या लेखकांचे उतारे आणि मोठ्या चित्रकारांची चित्रे शेजारी बसवली आहेत. ते पुस्तक आमच्या शिक्षकांनीच आधी वाचावे.

एक शंका मात्र नोंदवली पाहिजे. राधाचे घर शिकलेल्या, नोकरदार माणसांचे घर आहे. वाडीवरच्या शाळेत मी ते वाचून दाखवले तेव्हा मुले रंगली, पण संपल्यावर एका मुलाने विचारले, "गुरुजी, त्यांच्यात म्हशी नाहीत?" प्रश्न लेखिकेला नव्हता, तो मला होता. म्हशी असलेल्या घराचे इतके चांगले पुस्तक मी त्याला देऊ शकलो नाही. खेड्याची पुस्तके आमच्याकडे येतात ती एक तर गाय, विहीर, मामा अशी शहराने सुट्टीत पाहिलेली, नाहीतर ग्रामस्वच्छतेचा धडा देणारी. पात्रांच्या तोंडी बोली असली की समितीत 'अशुद्ध' म्हणून खूण होते. अशा खुणा मीही केल्या आहेत. ज्या मुलाची ती घरची भाषा, त्याला आम्ही छापील अक्षरात ती कधी दाखवलीच नाही. आणि मग ते वाचत नाही म्हणून तक्रार करतो.

चित्रांबद्दल दोन शब्द. पुस्तकावर चित्रकाराचे नाव आहे की नाही, ही माझी अलीकडची पहिली कसोटी आहे. ज्या प्रकाशकाला चित्रकाराचे नाव छापावेसे वाटत नाही, त्याला ते चित्र भिंतीच्या रंगाइतकेच मोलाचे वाटते. आता तर यंत्राकडून काढवून घेतलेली चित्रे संचांतून येऊ लागली आहेत. यंदाच्या एका खोक्यात शिवाजीमहाराजांच्या एका मावळ्याला सहा बोटे होती. वकीलसाहेबांनी ती मोजली, आणि बालविभागावर त्यांनी दहा मिनिटे घालवल्याचा तो पहिलाच प्रसंग. चित्रपुस्तकांचे आणखी एक दुर्दैव म्हणजे त्यांची पाठ इतकी पातळ की कपाटात उभी केली की ती दिसेनाशी होतात. त्यांना दोरीवर टांगावे किंवा मुखपृष्ठ पुढे करून मांडावे लागते. आम्ही दोरी बांधली, खर्च पंचावन्न रुपये आला.

शाळेच्या ग्रंथालयाविषयी बोलताना शिक्षकाला दोष देण्याची पद्धत आहे. मी त्या खुर्चीत बसलेला आहे. हरवलेल्या पुस्तकाचा जाब ज्याला द्यावा लागतो, तो कुलूप लावणारच. ज्या शाळेत मी होतो तेथे कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असे आणि त्या खणाची किल्ली त्यांच्या खिशात. निवडीचा आणि कुलपाचा संबंध मला उशिरा कळला: जे पुस्तक कोणी मागतच नाही ते हरवत नाही, म्हणून न मागितली जाणारी पुस्तके निवडणे हे सर्वांत सुरक्षित. चाळीस बोधकथांचा संच वीस वर्षांनी मोजला तरी चाळीसच भरतो.

आता 'शाळा'बद्दल. ती आम्ही गेल्या वर्षी बालविभाग आणि मोठ्यांचा विभाग यांच्या मधल्या एका नव्या कप्प्यात आणली. त्या कप्प्यावर 'कुमार' अशी चिठ्ठी आहे, आणि त्यात 'पाडस' सोडून त्या कार्डावरची सगळी पुस्तके आहेत. विरोध झाला. एक सदस्य म्हणाले, शिव्या आहेत. मी म्हणालो, शाळेच्या मैदानावर त्याहून जास्त आहेत, आणि येथे त्या कोणाच्या तोंडी का येतात हे तरी कळते. दुसरे म्हणाले, प्रेमप्रकरण आहे. आहेच. नववीतल्या मुलाच्या त्या भावनेची चेष्टा न करता, तिला शिक्षाही न करता, लेखकाने ती गंभीरपणे घेतली हेच त्या पुस्तकाचे मोल. एखादी कादंबरी चौदा वर्षांच्या वाचकाची आहे की नाही हे तिच्यात काय येते यावरून ठरत नाही. जे येते त्याकडे लेखक कोठून पाहतो यावरून ठरते. मोठ्यांच्या बाकावरून खाली पाहिलेली सोज्ज्वळ कुमारकथा मला 'शाळे'पेक्षा अधिक अहितकारक वाटते, कारण ती वाचकाला मूर्ख समजते आणि वाचकाला ते कळते.

परंतु त्या पुस्तकातली उणीवही माझ्या लक्षात आली, ती मी स्वतः वाचून नव्हे. ती मुलगी आता तालुक्याच्या रुग्णालयात परिचारिका आहे. दोन वर्षांपूर्वी ती स्वतःच्या नावाचे कार्ड काढायला आली, तेव्हा मी तिच्याकडे जुन्या गोष्टीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तिला ती संध्याकाळ आठवतही नव्हती, किंवा तिने तसे दाखवले. मी विचारले, "मग 'शाळा' कशी वाटली होती तेव्हा?" ती म्हणाली, "आवडली सर. पण शिरोडकरला काय वाटलं, ते कुठंच नाही त्यात."

मी घरी येऊन पुन्हा वाचली. खरेच नाही. कथा मुलाच्या तोंडून आहे, तेव्हा नसणे हे त्या घाटाला धरूनच आहे. त्याबद्दल कादंबरीकाराला दोष देणे चुकीचे होईल. पण मुलांच्या बाकावरून सांगितलेली अशी कादंबरी मराठीत आहे, आणि मुलींच्या बाकावरून सांगितलेली, तितक्याच ताकदीची, मी गेली दोन वर्षे शोधतो आहे. जी सापडली त्यांत मुलगी शेवटी आईला कामात मदत करू लागते. 'चौघीजणी' आहे, ती दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेची. विक्रेत्यांना सांगितले की ते 'थोर स्त्रिया' हा संच पाठवतात.

यंदा बालविभागाच्या आणि त्या नव्या कप्प्याच्या वाट्याला मिळून १८ हजार रुपये होते. मी ४१ पुस्तके निवडली, सर्व वाचून. संख्या कमी भरली म्हणून समितीत कुरकुर झाली. यादीच्या शेवटी मी 'पाडस, १ प्रत' असे लिहिले तेव्हा वकीलसाहेबांनी विचारले, "हे आपल्याकडे आहे ना?" पडताळणीत ते गहाळ निघाले होते. एका मुलाला आपण वाढवलेले हरिणाचे पिल्लू स्वतःच्या हाताने मारावे लागते अशी ती कहाणी. बालविभागात घेण्यास एके काळी मी नकार दिला असता. शेवटची नोंद त्या आईच्या कार्डावर आहे, बारा वर्षांपूर्वीची. ग्रंथपालबाईंनी विचारले, स्मरणपत्र पाठवायचे का. मी नको म्हणालो. पुस्तक कोठे आहे ते आम्हा दोघांनाही माहीत आहे, आणि ते तेथे वाचले जाते. निर्लेखनाच्या यादीत मी ते अजून घातलेले नाही.